पाण्याखालची फोटोग्राफी: कॅमेरा कोणता आणि मुंबईत राहून सराव कुठे?

खारं_पाणी
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप म्हणायचं) जाऊन स्कूबा डायव्हिंगचा ओपन वॉटर (म्हणजे पहिला) कोर्स केला आणि आता पाण्याखाली फोटो काढायचं खूळ डोक्यात शिरलंय. घरी "आता हे काय नवीन" हा अंक होऊन गेलाय, तो सोडून द्या.
कोर्सच्या वेळी इन्स्ट्रक्टरने गोप्रोवर काढलेले फोटो बघितले तर सगळं निळं. मी निळा, मासा निळा, प्रवाळ निळसर राखाडी. डोळ्यांना जो क्लाउनफिश चांगला केशरी दिसला होता तो फोटोत आजारी असल्यासारखा. बजेट साधारण ६० हजार, थोडं ताणता येईल. गोप्रो घ्यावा, टीजीसारखा छोटा वॉटरप्रूफ कॅमेरा घ्यावा, की माझ्याकडे जो मिररलेस (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) आहे त्यालाच हाउसिंग (पाणी न शिरणारी पेटी) घ्यावं? आणि दर वेळी अंदमान परवडणारं नाही, तर दादरला राहणाऱ्या माणसाने सराव करायचा कुठे?

लोकलचा_डबा
मी रोज ८:१२ च्या विरार फास्टमध्ये बिनऑक्सिजनचा डाइव्ह मारतो, सर्टिफिकेट कोणी देत नाही.

बुडबुडा
डबाभाऊ, टाकीत ऑक्सिजन नसतोच, साधी दाबून भरलेली हवा असते. हे दर पार्टीत सांगावं लागतं.
खारं_पाणी, कोर्सच्या चारच डाइव्ह झाल्या असतील तर कॅमेरा सध्या विसरा. राग मानू नका. पाण्यात एका जागी तरंगत राहता येणं, हात न मारता, वर-खाली न होता, हे आधी जमलं पाहिजे. परीक्षा सोपी आहे. परत येताना पाच मीटरवर तीन मिनिटं सेफ्टी स्टॉप असतो ना, तेव्हा दोरी न धरता, हातांची घडी घालून, प्रेशर गेज (टाकीतली हवा किती उरली ते सांगणारं) वाचत आणि मास्कमधलं पाणी काढत त्याच खोलीवर राहून दाखवा. जमलं की कॅमेरा घ्या. नाहीतर काय होतं ते मी बघत असतो. माणूस व्ह्यूफाइंडरमध्ये घुसतो, मागे त्याचे फिन्स प्रवाळावर फटके मारत असतात, तळाची वाळू उडते आणि मागून येणाऱ्या चौघांचे फोटो गढूळ होतात.
अजून एक, हे मात्र जीवावरचं आहे. फोटो हलू नये म्हणून जमिनीवर आपण श्वास धरतो. खाली तसं करायचं नाही. श्वास धरून मीटर-दीड मीटर जरी वर गेलात तरी फुफ्फुसातली हवा फुगते आणि इजा होऊ शकते. त्यात फोटोच्या नादात प्रेशर गेज बघायचं राहून जातं. दर काही फोटोंनी गेज, ही सवय लावून घ्या.

खारं_पाणी
राग कसला. चारच झाल्यात, बरोब्बर ओळखलंत. पण तोवर निदान ठरवून तरी ठेवतो.

रॉ_फाईल
बुडबुडाशी सहमत, पण विंडो शॉपिंगला कोणाची ना नाही :)
निळं का दिसतं ते आधी. पाणी लाल रंग सगळ्यात आधी खातं. पाचेक मीटरवरच लाल बराच मावळलेला असतो, मग नारिंगी, मग पिवळा, शेवटी उरतो निळा-हिरवा. आणि हे फक्त खोलीवर नाही बरं का, प्रकाशाने पाण्यातून एकूण जेवढा प्रवास केला त्यावर आहे. म्हणजे मासा तुमच्यापासून तीन मीटर लांब असेल तर तेही तीन मीटर त्यात मिळवायचे. म्हणून पाण्याखालच्या फोटोग्राफीचा पहिला नियम जवळ जा, आणि दुसरा नियम अजून जवळ जा. मासा एका हाताच्या अंतरावर नसेल तर फोटो काढू नका, नुसता बघा. झूम करून काही होत नाही, मधलं पाणी आणि त्यातला कचरा तेवढा मोठा दिसतो.
रंग परत आणायचे तीन मार्ग: व्हाइट बॅलन्स (पांढरं ते पांढरं दिसावं म्हणून कॅमेऱ्यात रंग जुळवणं), लाल फिल्टर, किंवा स्वतःचा उजेड घेऊन जाणं. फिल्टर उथळ पाण्यात, ऊन असेल तेव्हा छान चालतो. खोल गेलात की लाल मुळात शिल्लकच नसतो, मग फिल्टर गाळणार काय? तिथे टॉर्च किंवा स्ट्रोब, म्हणजे वेगळा जोडायचा फ्लॅश. आणि स्ट्रोब कॅमेऱ्याला चिकटून नको, लांब दांड्यांवर, बाजूला. समोरून उजेड टाकलात की पाण्यातला प्रत्येक कण चमकतो आणि फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं. त्याला बॅकस्कॅटर म्हणतात. एडिटिंगमध्ये एकेक ठिपका पुसत रात्री घालवल्यात लोकांनी.

रॉ_फाईल
आता कॅमेरा. गोप्रो नुसता १० मीटरपर्यंत चालतो, डाइव्ह हाउसिंगमध्ये ६०. व्हिडिओला उत्तम. पण त्याचा फोकस ठरलेला असतो, फूटभरापेक्षा जवळची गोष्ट धूसर. छोट्या जीवांसाठी बाद.
टीजी-६ किंवा टीजी-७ नुसता १५ मीटर, हाउसिंगसकट ४५. रॉ फाईल (नंतर रंग सुधारायला सोपी, प्रक्रिया न केलेली) देतो, आणि त्याचा मायक्रोस्कोप मोड म्हणजे कमाल आहे, लेन्सपासून सेंटिमीटरवरची गोष्ट फोकस करतो. नखाएवढ्या सी स्लगच्या (बिनशंखाच्या समुद्री गोगलगायीच्या) अंगावरचे ठिपके मोजता येतात. तुमच्या बजेटमध्ये माझं मत टीजीला, शक्यतो सेकंडहँड. फोर्टात विचारून बघा.
मिररलेसचं हाउसिंग बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्याच किमतीचं किंवा जास्त असतं, वर प्रत्येक लेन्सला वेगळा पोर्ट, म्हणजे लेन्सपुढची काच. सपाट पोर्टमागे वाइड लेन्स लावली की अपवर्तनामुळे ती तेवढी वाइड राहत नाही, म्हणून घुमटासारखा डोम पोर्ट लागतो, त्याचे पैसे वेगळे. घर गहाण ठेवायची तयारी असेल तर सांगा, पुढचं लिहितो.

लोकलचा_डबा
दादरचं घर गहाण ठेवलं तर डोम पोर्टच काय, अख्खी पाणबुडी येईल.

मालवणी_मसाला
अंदमान-अंदमान काय लावलंय रे सगळ्यांनी? रात्री सीएसएमटीला कोकणकन्या पकडा, सकाळी कुडाळ, तिथून रिक्षा नाहीतर एसटीने मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, तारकर्लीला, देवबागला, सगळीकडे डायव्हिंग आहे. तारकर्लीला एमटीडीसीची इस्दा ही स्कूबाची संस्थासुद्धा आहे, रीतसर कोर्स होतात. १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य आहे, उगाच नाही केलेलं. सार्जंट मेजरचे थवे, पॅरटफिश, बटरफ्लायफिश, गोबरे, नशीब असेल तर पाकट. नि वर इल्यार सुरमय, सोलकढी. अंदमानात गावतली?

ठाणेकर_अनु
मालवणी_मसाला, सोलकढीबद्दल वाद नाही. पण गेल्या मे महिन्यात मालवणला गेले होते आणि फोटोंच्या दृष्टीने फार निराश झाले. एका ऑपरेटरच्या बोटीवरून उतरलो, सर्टिफिकेट दाखवलं तरी मला टाकीला धरूनच फिरवलं, आणि मासे जमावेत म्हणून खाली पावाचे तुकडे सोडत होते! पन्नास सार्जंट मेजर तोंडावर, त्यामागे काहीच दिसत नाही. सगळ्यांचा एकच व्हिडिओ, अंगठा-बोटाचं ओके, मागे पावावर तुटून पडलेले मासे. रीफवरच्या माशांनी शेवाळ खाऊन प्रवाळ स्वच्छ ठेवायचं तर ते पाव खात बसलेत. शिवाय धीट मासे गर्दी करतात आणि लाजरे जीव त्या जागेकडे फिरकतच नाहीत, म्हणजे फोटोग्राफरचंही नुकसानच.

मालवणी_मसाला
पाव टाकणं चूक, त्यावर मी भांडणार नाही. पण सगळे तसे नाहीत हो. आणि मे महिन्यात गर्दी असते, वाराही वाढलेला असतो. डिसेंबर-जानेवारीत आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, पहिली बोट पकडा, आणि "मी सर्टिफाइड आहे, मला कमी लोकांबरोबर फन डाइव्ह हवी, पाव नको" हे फोनवरच ठरवून घ्या. पाणी उथळ आहे हे फोटोला उलट चांगलंच. ऊन खालपर्यंत पोचतं, हवा जास्त वेळ पुरते.

बुडबुडा
उथळ पाण्याचा मुद्दा लाखमोलाचा आहे. दर १० मीटरला एक ॲटमॉस्फिअर दाब वाढतो, त्यामुळे २० मीटरवर तीच टाकी वरच्यापेक्षा तिप्पट वेगाने संपते. सात-आठ मीटरवर निवांत वेळ मिळतो. फोटोग्राफरला वेळ हवा, खोली नको.
मालवणहून स्वतःच्या गाडीने कोल्हापूरमार्गे परतणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. डाइव्हनंतर लगेच आंबोली घाट चढू नका, ती जवळपास ७०० मीटरची उंची आहे. विमानाआधी थांबायला सांगतात (एकापेक्षा जास्त डाइव्ह असतील तर किमान १८ तास), त्यामागचं कारण इथेही तेच, रक्तात विरघळलेला नायट्रोजन. कोकण रेल्वेवाल्यांना ही चिंता नाही.

चष्मेबद्दूर_मुलुंड
मुर्डेश्वरजवळचं नेत्राणी बेटही सुचवेन. मुंबईहून रात्रीच्या गाडीने होतं, आणि मला तिथे मालवणपेक्षा पाणी स्वच्छ मिळालं. लक्षद्वीप स्वर्ग आहे पण परमिट काढावं लागतं. आणि आंग्रिया बँक कोणी पाहिलीय का? विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची.

रॉ_फाईल
आंग्रियाला नवशिक्याने जायचं नाही. सगळीच पाण्याखाली आहे, तिचा माथाच सुमारे २० मीटरवर, म्हणजे ओपन वॉटरची १८ ची मर्यादा तिथे सुरुवातीलाच संपली. शिवाय चहूकडे उघडा समुद्र.

निवृत्त_नाना
धागा आवडीने वाचतो आहे. मी पाण्यात उतरलेलो नाही, पण बत्तीस साली आलेल्या वडिलांच्या बॉक्स कॅमेऱ्यापासून फोटो काढत आलो आहे, त्यामुळे एक शंका. खाली जर सगळं निळंच असतं तर लाल रंग आणून दाखवणं ही फसवणूक नव्हे काय? जे तिथे दिसतच नाही ते तुम्ही दाखवता.

रॉ_फाईल
नाना, नमस्कार. फसवणूक नाही म्हणणार मी. माशाच्या अंगात तो रंग आहेच, त्यावर पांढरा उजेड पडला की दिसतो. रात्री खोलीत दिवा लावला तर तुम्ही त्याला फसवणूक म्हणाल का? आणि हे आजचं नाही. पाण्याखालचे पहिले रंगीत फोटो १९२७ च्या जानेवारीत नॅशनल जिओग्राफिकमध्ये छापले गेले, फ्लोरिडाजवळ काढलेले. त्यासाठी पाण्यावर तराफा तरंगत ठेवून त्यावर मॅग्नेशियमची पावडर पेटवायचे. म्हणजे पहिल्या रंगीत फोटोपासूनच उजेड बाहेरचा आहे.

निवृत्त_नाना
दिव्याचं मान्य. पण फिल्टर आणि संगणकावर स्लायडर ओढून आणलेला लाल?

ठाणेकर_अनु
मी नानांच्या बाजूने. अंदमानात साधारण २० मीटरवर माझ्या बोटाला खरचटलं, रक्त आलं ते हिरवट काळं दिसत होतं. हातातला टॉर्च मारला आणि एकदम लालभडक! आधी दोन सेकंद मला कळेचना की हे माझंच रक्त आहे. तेव्हापासून डोक्यात बसलंय की खालच्या जगात लाल म्हणजे जवळपास काळा. खोल पाण्यातले कितीतरी मासे लाल असतात ते नटायला नाही, लपायला. आपण स्ट्रोब मारून त्यांना भडक करतो आणि म्हणतो बघा निसर्गाचे रंग. तो फोटो सुंदर असतो, मीही काढते, पण तसा तो मासा तिथल्या कुणीच कधी पाहिलेला नसतो.

रॉ_फाईल
हे मात्र भारी लिहिलंयस. तरी स्लायडरबद्दल माझं मत असं की उथळ पाण्यात कॅमेऱ्यापेक्षा डोळ्याला जास्त रंग दिसतो कारण मेंदू स्वतःच व्हाइट बॅलन्स करत असतो. धागाकर्त्याला क्लाउनफिश केशरी दिसला, गोप्रोला नाही दिसला. मग खोटं कोण बोललं? डोळ्याला दिसलं तिथवर स्लायडर न्यावा. आजकाल सोशल मीडियावर रीफ असे दिसतात जणू गणपतीच्या मखराला रोषणाई केलीय, तिथवर नेऊ नये.

निवृत्त_नाना
हे पटलं. डोळ्याला दिसलं तिथवर.

लोकलचा_डबा
नाना पटले! धागा वाचनखुणांत साठवला.

वेसाव्याची
सगळा धागा वाचला आणि हसू आलं. दादरचा माणूस विचारतोय सराव कुठे, आणि सगळे त्याला गाडीत बसवून दोन राज्यं फिरवताय. अरे, वरळीला जा की!
मी कोळ्याची पोर, वेसाव्यात वाढलेली. मुंबईच्या पाण्यात डाइव्ह मारून काही दिसणार नाही हे खरंच, खाड्यांचा गाळ आणि शहराची घाण, हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत. पण ओहोटीला खडकांत जी डबकी राहतात ना, त्यात सगळं आहे. हाजी अली, वरळी, मरीन ड्राइव्ह, कार्टर रोड, जुहू. समुद्रफुलं, सी स्लग, शंखात राहणारे खेकडे, निवट्या, झोअँथिडचे (प्रवाळाच्या नात्यातल्या जीवांचे) हिरवे-तपकिरी गालिचे, कधी छोटा ऑक्टोपस. कोस्टल रोडच्या वेळी हाजी अली-वरळीचे प्रवाळ उचलून दुसरीकडे लावले, तेव्हा कितीतरी मुंबईकरांना पहिल्यांदा कळलं की इथे प्रवाळ आहेत. मरीन लाइफ ऑफ मुंबईवाले २०१७ पासून किनाऱ्यावर लोकांना घेऊन फेऱ्या करतात, त्यांच्याबरोबर एकदा जा, बघायचं कुठे ते कळेल.
जायचं कधी ते सांगते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, तेव्हा भरती मोठी आणि ओहोटीही लांब जाते. मुंबईत त्या दिवसांत पूर्ण ओहोटी साधारण पहाटे-सकाळी सहाच्या सुमारास आणि मग पुन्हा संध्याकाळी. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास) पाणी फार ओसरतच नाही, फुकट फेरी होईल. भरती-ओहोटीचं कोष्टक बघा, अर्ध्या मीटरच्या खालची ओहोटी शोधा, आणि पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोचा. पाणी वळलं की निघायचं, एका फोटोसाठी थांबायचं नाही. पाठीमागून खाचेतून पाणी कधी भरलं ते कळत नाही. चप्पल नको, जाड सोलचे बूट. शेवाळ घसरडं आणि कालवांच्या कडा वस्तऱ्यासारख्या.

रॉ_फाईल
वेसाव्याची, दंडवत! टीजी असेल तर हे म्हणजे सोन्याहून पिवळं. कॅमेराच डबक्यात बुडवायचा, मायक्रोस्कोप मोड, छोटा टॉर्च बाजूने. जवळ जाणं, नजरेच्या पातळीवर येणं, डोळ्यावर फोकस, बाजूचा उजेड, सगळा अभ्यास घोटाभर पाण्यात. आणि इथे टाकी संपत नाही.

ठाणेकर_अनु
फक्त खडक उलटे करू नका, जीव उचलून चांगल्या बॅकग्राउंडवर ठेवू नका. असे सजवलेले फोटो ओळखू येतात, सी स्लग कधी रिकाम्या वाळूवर ऐटीत बसत नाही. शिवाय प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, घरी नेले तर थेट गुन्हा.

चष्मेबद्दूर_मुलुंड
फ्लॅशचा त्रास नाही का होत त्यांना? मला एका डाइव्हमास्टरने फ्लॅश मारू दिला नव्हता.

बुडबुडा
२०१९ मध्ये समुद्रघोड्यांवर वगैरे एक अभ्यास आला होता. त्यात फ्लॅशचा स्वतंत्र त्रास फारसा आढळला नाही, पण फोटोसाठी त्यांना हात लावणं, काडीने ढोसणं, तोंड कॅमेऱ्याकडे वळवणं याचा मात्र ताण दिसला. तरी डाइव्हमास्टर नाही म्हणाला तर नाही. एकाच पिग्मी समुद्रघोड्यासमोर रांग लावून वीसजण फ्लॅश मारणार, त्याला नियम नकोत?

मालवणी_मसाला
मध्येच एक सांगतो. माझ्या मावसभावाच्या हाउसिंगमध्ये पाणी शिरलं, कारण ओ-रिंगवर (झाकणाच्या रबरी कड्यावर) एक केस. एकच केस! बंद करण्यापूर्वी ओ-रिंग उजेडात धरून बघा, त्यावरून बोट फिरवा, सिलिकॉन ग्रीस अगदी नावापुरतं लावा. आधी रिकामं हाउसिंग पाण्यात बुडवून बघा, बुडबुडे येतायत का ते, मग कॅमेरा घाला. आत सिलिका जेलची पुडी टाका, नाहीतर खाली गार पाण्यात काच धुरकट होते. आणि वर आल्यावर गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, मीठ वाळू देऊ नका. भाऊ सध्या तो कॅमेरा पेपरवेट म्हणून वापरतो.

लोकलचा_डबा
वॉटरप्रूफ पेपरवेट की साधा?

खारं_पाणी
केवढं लिहिलंत सगळ्यांनी! आता ठरवलंय ते सांगतो. मिररलेसचं हाउसिंग रद्द (बायकोने 'घर गहाण'वाला प्रतिसाद वाचला). सेकंडहँड टीजी-६ बघतोय, डायव्हिंगचं हाउसिंग नंतर. येत्या अमावास्येला सकाळी वरळी. जानेवारीत मालवण, पण पहिल्या दोन डाइव्ह कॅमेऱ्याशिवाय, बुडबुडांची घडीवाली परीक्षा द्यायला. नापास झालो तर कॅमेरा बोटीवरच.
एक राहिलंच, मला चष्मा आहे, मायनस साडेतीन. कोर्सला साध्या मास्कने निभावलं कारण पाण्याखाली सगळं थोडं मोठं आणि जवळ दिसतं, पण कॅमेऱ्याचा स्क्रीन वाचता येईल का?

चष्मेबद्दूर_मुलुंड
अखेर माझ्या विषयावर आलात! नंबरच्या काचा बसवलेला मास्क मिळतो, मायनससाठी तयार काचाही असतात. मी तोच वापरतो. काहीजण सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स घालून उतरतात, पण मास्क काढताना डोळे मिटायचे, नाहीतर लेन्स समुद्रार्पण. चाळिशी लागली असेल तर मात्र वेगळी कथा, लांबचा मासा स्वच्छ आणि हातातला स्क्रीन धूसर. त्यासाठी मास्कच्या खालच्या कडेला चिकटवायच्या छोट्या काचा येतात.

वेसाव्याची
खारं_पाणी, अमावास्येच्या आदल्या किंवा नंतरच्या दिवसाचंही कोष्टक बघून ठेवा, कधी कधी दुसऱ्या दिवशी पाणी जास्त ओसरतं. रविवार येत असेल तर मीही येते. अजून कोण?

ठाणेकर_अनु
मी. ठाण्याहून पहिली लोकल.

निवृत्त_नाना
घोटाभर पाणी असेल तर मीही. बूट आहेत.